आतली कडी

बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. हात मागितला नाही, पाय मागितला नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर, जीभ अजून जड असताना, मला जवळ बोलावून म्हणाले, "बाय, मला आत जाऊन आतनं कडी लावता आली पाहिजे. बास, बाकी काय नको."

आत म्हणजे संडासात. आमचं घर काशीदच्या पुढे, मुरूडच्या वाटेवर, रस्त्यापासून जरा आत. संडास घराच्या मागे, परसाच्या टोकाला, विहिरीच्याही पलीकडे. बाबांनीच नोकरीत असताना हौसेने बांधलेला. घरात संडास ही कल्पना तेव्हा आमच्याकडे कोणाला सहन झाली नसती. वाटेत जांभ्याच्या पायऱ्या, त्यांवर बारा महिने शेवाळ, आणि आत बसायचं ते उकिडवं. अर्धं अंग मेलेल्या माणसाने तिथे बसायचं कसं? आई त्यांना काखेत धरून न्यायची. दार लावलं तर आई आत मावायची नाही, म्हणून दार उघडं. समोरच शेजाऱ्यांची कपडे धुवायची जागा. मग आई एका हाताने त्यांना धरायची आणि दुसऱ्या हाताने पदर ताणून आडोसा करायची. मी हे एकदा पाहिलं आणि विहिरीजवळूनच मागे फिरले.

बाबा आयुष्यभर आगरदांड्याच्या जेटीवर तिकीटखिडकीत बसले. दिघीला जाणाऱ्या लाँचची तिकिटं फाडायची, हे त्यांचं काम. पण लाँच सुटताना ते खिडकी बंद करून धक्क्यावर येऊन उभे राहायचे आणि माणसं मोजायचे. तिकीट काढून कोणी पाणी प्यायला गेलेलं असलं, कोणी पोराला आडोशाला घेऊन गेलेलं असलं, की लाँच थांबलीच. लाँच हाकणारा तांडेल शिव्या घालायचा, भरती ओसरतेय म्हणून ओरडायचा. बाबा ढिम्म. "पैसं घेतलंत ना आपण? मग जागा त्याची हाय." लहानपणी मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे, तेव्हा मला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. आता ती आठवण नकोशी वाटते.

घरातल्या घरात संडास-बाथरूम करायचं ठरलं. बाबांची खोली पुढच्या बाजूला, ओटीला लागून. तिच्या भिंतीला दार पाडून बाहेरच्या अंगाला नवं बांधकाम काढायचं. उंच कमोड, धरायला स्टीलचे दांडे, खरखरीत लाद्या, बसून आंघोळ करता येईल अशी जागा. गवंड्याने आकडा सांगितला तेव्हा आईने पदराने तोंड पुसलं. बाबांच्या फंडाचे पैसे दवाखान्याने खाल्ले होते. पंचायतीत विचारलं, तर कागदावर आमच्याकडे संडास आहेच, एका घराला दुसरा मिळत नाही. खरंच होतं ते. संडास होताच, जाता येत नव्हतं एवढंच.

मी म्हटलं, "मी देते." त्यात विशेष काय? मी पेणला शाळेत शिकवते, नवरा कमावतो, आणि त्यांना माझ्याशिवाय दुसरं मूल नाही. पण बाबांच्या चेहऱ्याची चांगली बाजूसुद्धा वाकडी झाली.

"लेकीच्या पैशाच्या भांड्यावर बसू काय मी?"

आमच्याकडची जुनी माणसं लेकीकडून घेत नाहीत. द्यायचं, घ्यायचं नाही. बाबा पेणला माझ्याकडे आले आणि चहा जरी प्यायले, तरी निघताना माझ्या मुलीच्या मुठीत नोट कोंबून जायचे. ती नोट चहाच्या दुप्पट-तिप्पट असायची. मी कितीदा भांडले असेन. मुलगा असता तर त्याचे घेतले असते ना, म्हटलं. तर म्हणाले, "मुलगा असता तर त्याचं घर हेच असतं. तुझं घर पेणला हाय." मी रागाने चप्पल घालून निघाले आणि तशीच एसटीत बसून रडत पेणला आले. हा माझा स्वभाव. भांडायला उभी राहते आणि मग निघून जाते.

मग तोड त्यांनीच काढली. काशीदला शनिवार-रविवारी माणूस मावत नाही, हॉटेलं ओसंडतात. आमच्या आळीतल्या बऱ्याच जणांनी एकेक खोली पाहुण्यांना द्यायला काढलेली. खोलीला लागूनच संडास-बाथरूम असलं आणि तेही कमोडचं असलं, की मुंबई-पुण्याची माणसं हसत पैसे मोजतात. बाबांनी मुरूडच्या लादीवाल्याकडून आणि गवंड्याकडून सगळं उधारीवर करून घेतलं. शनिवार-रविवार खोली पाहुण्यांना द्यायची, आई घरगुती जेवण करून घालणार, त्यातून फेडायचं. आठवड्याचे पाच दिवस बाथरूम बाबांचं, दोन दिवस त्याच्या खर्चाचं.

"आणि त्या दोन दिवसांत तुम्ही कुठे जाणार?" मी फोनवर विचारलं.

"जाऊ की परसात. जुनी वळख हाय," बाबा म्हणाले आणि हसले.

बांधकाम चांगलं झालं, हे कबूल करायला हवं. गवंड्याला दाराला उंबरा घालायचाच होता. उंबऱ्याशिवाय दार म्हणजे त्याला काहीतरी उघडंनागडं वाटत होतं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "घाल ना. मंग माझ्या या पायानं तूच वलांडून दाखव." उंबरा गेला. दांडे बसवायच्या आधी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर तिथे बसवलं, त्यांचा डावा हात जिथे सहज पोचेल तिथे पेन्सिलीची खूण केली. कडीही तशीच, खूप खाली, डाव्या हाताला. उभ्या माणसाला ती वाकून लावावी लागते.

पहिल्या दिवशी मी रजा टाकून गेले होते. बाबा भिंत धरत, दांडा धरत एकटे आत गेले. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आई आणि मी ओटीवर एकमेकींकडे बघत बसलो. बराच वेळ झाला. आईला राहवेना, तिने जाऊन दार वाजवलं.

"अवो, झालं काय?"

"कडी लावलीय ना? मंग वाजवतेस कशाला?" आतून आवाज आला. "बसू दे जरा. कवापासनं एकटा बसलो न्हाय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारपणानंतर त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं ते तेव्हा.

दिवाळीपासून पाहुणे सुरू झाले. शुक्रवारी संध्याकाळी आई खोली आवरायची, बाबांची औषधं, काठी, लुंग्या सगळं स्वयंपाकघरात हलवायची आणि नवी चादर घालायची. बाबांची खाट ओटीवर यायची. मला सांगून ठेवलेलं, शनिवार-रविवारी येऊ नकोस, झोपायला जागा नसते. मी मग मधल्या वारी, एखादी सुट्टी आली की जायचे. तेव्हा सगळं छान असायचं. बाबा खुशीत. पाहुण्यांच्या गमती सांगायचे. एकाने दांड्यावर ओल्या चड्ड्या वाळत घातल्या, एकीने विचारलं की हे दांडे व्यायामाचे आहेत का. किनाऱ्यावरची वाळू अंगावरून तशीच आणतात, जाळी तुंबते, मग आई हाताने काढते. हे सांगतानाही ते हसायचे. उधारी उतरत होती ना.

एकदा नात्यातल्या लग्नाला रेवदंड्याला जायचं झालं. तो रविवार होता. जेवण आटोपलं, वेळ होता, म्हटलं डोकावून यावं. बाबा ओटीवर खाटेवर बसलेले. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. आईने मला चहा दिला, त्यांना दिलाच नाही. मी पाणी आणून त्यांच्यापुढे धरलं, तर तोंड फिरवलं. आत खोलीत मोठ्याने गाणी लागली होती आणि बाथरूममध्ये कोणीतरी मनसोक्त आंघोळ करत होतं.

मी आईला चुलीशी गाठलं. ती आधी काही सांगेना. मग म्हणाली, "शुक्रवारी दुपारनं पाणी सोडतात ते. जेवतात पण घासभर. पहाटे पाहुणं उठायच्या आधी मी एकदा मागं नेऊन आणते, तेवढंच. दिवसा माणसं फिरतात ना परसात, लाज वाटते त्यांना." आणि मग माझा हात धरून म्हणाली, "तू बोलू नकोस त्यांना. घर पुन्हा डोक्यावर घेशील."

त्या दिवशी पहिल्यांदाच मी भांडायच्या आधी निघून आले. अंगाची नुसती आग होत होती. ज्याच्यासाठी बांधलं तो माणूस तहानलेला ओटीवर, आणि आत परकी माणसं नळ सोडून बसलेली. खोली कोणालाही द्यायला चालत होती, फक्त पैसे माझे चालत नव्हते.

एसटीतच मला युक्ती सुचली आणि मी स्वतःवर खूष झाले. शाळेतल्या माझ्या सहकारी गुरुजींना भरीला घातलं. त्यांनी बाबांना फोन करायचा, शनिवार-रविवारची खोली ठरवायची, पैसे आधीच पाठवायचे. पैसे माझे, नाव त्यांचं. आणि जायचं नाही कोणीच. खोली रिकामी राहील, उधारीही फिटेल, आणि बाबा आपल्या बाथरूममध्ये कडी लावून बसतील. यात बिघडण्यासारखं काय होतं? मला तर काहीच दिसलं नाही.

पहिल्या खेपेनंतर सोमवारी गुरुजी मधल्या सुट्टीत हसत आले. "तुमच्या वडिलांचा फोन आला होता. म्हणतात, तुम्ही आला नाहीत, निम्मे पैसे तरी परत घ्या. मी नको नको म्हटलं. तर म्हणाले, मग पुढच्या वेळी जरूर या, खोली तुमचीच आहे." आम्ही दोघेही हसलो. बाबा म्हणजे बाबाच, असं मी म्हटलं.

मग मी जमेल त्या शनिवारी हेच करू लागले. कधी गुरुजींच्या नावाने, कधी त्यांच्या भावाच्या. आई फोनवर म्हणायची, "या खेपेलाही पेणचं पाहुणं आलं न्हाय बग. कसली माणसं, पैसं वर आलंत जसं." मी विचारायचे, बाबा बरे आहेत ना? ती म्हणायची, बरे आहेत. याहून जास्त विचारायची मला भीती वाटे, आपलं बिंग फुटेल म्हणून. मी मनातल्या मनात त्यांना खोलीत झोपलेलं बघायचे, रात्री पाणी पिताना बघायचे. शनिवारी संध्याकाळी इथे घरी चहाचा कप हातात घेतला, की मला फार समाधान वाटायचं.

होळीच्या आधी बाबांना ताप भरला. थंडी वाजून ताप, मग भ्रम. अलिबागला दवाखान्यात हलवलं. लघवीतला जंतू मूत्रपिंडात चढला होता आणि रक्तात पसरला होता. डॉक्टर बाईंनी आईला विचारलं, "पाणी कमी पितात का?"

आई म्हणाली, "शुक्रवारपासनं रविवारच्या सांजेपर्यंत पीतच न्हाईत."

मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, "आई, पण पाहुणे कुठे येत होते? कितीतरी शनिवार कोणीच आलं नाही ना?"

"न्हाय आलं. पण पैसं दिलं व्हतं ना त्यांनी." आई मला समजावून सांगावं तसं सांगू लागली. "मी म्हणायची, अवो, न्हाय येत ती माणसं, जा तुमी आत. तर ऐकतात कुठं? म्हणायचे, वाटेत अडकली असतील, रातचीपण येतील, आल्यावर वल्लं बाथरूम दावायचं काय त्यांना? मी शुक्रवारी चादर घालायची. हे ओटीवर बसून रस्त्याकडं बघायचे. कुनाची गाडी वळली की ताठ व्हायचे. रविवारी सांजेला म्हणायचे, आता न्हाय येत. मंग घोटभर पाणी घ्यायचे."

मी खाली बसले. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये, लादीवर. आई म्हणत होती, ऊठ, माणसं बघतायत. मला धक्क्यावरचे बाबा दिसत होते, माणसं मोजणारे, तांडेलाच्या शिव्या खात लाँच थांबवणारे. मला हे माहीत होतं. जगात दुसऱ्या कोणाला नसेल, मला माहीत होतं की पैसे घेतलेली जागा हा माणूस स्वतःला कधी घेणार नाही. खरे पाहुणे आले असते तर एखादे वेळी लवकर निघून तरी गेले असते. माझे न येणारे पाहुणे रविवार संध्याकाळपर्यंत हलतच नव्हते.

औषधांनी दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला. बाबांनी डोळे उघडले, मला ओळखलं. नळीतून लघवी पिशवीत जात होती. तिच्यावर त्यांनी चादर ओढून घेण्याचा प्रयत्न केला. मी चादर नीट केली. आई खाली चहाला गेली होती. मला गप्प राहवलं नाही. गप्प बसायला हवं होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, "बाबा, ते पेणचे पाहुणे मीच होते. पैसे माझे होते. तुम्हाला खोली मोकळी मिळावी म्हणून मी असं केलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी ओरडा खायला तयार होते. लेकीचे पैसे, तेही फसवून. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचा हात धरून बसले असते, भांडले असते, आम्हाला ते येत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कसलासा गोंधळ होता, हिशेब लागत नसल्यासारखा.

"तू व्हतीस?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "मंग आली का न्हायस?"

मी चादरीचं टोक पुन्हा सारखं केलं.

"चादर घातलेली व्हती," बाबा म्हणाले. "आयनं तांदळाच्या भाकऱ्या पण करून ठेवल्या व्हत्या. मी बसलेलो ना वटीवर."

रात्रीतून पुन्हा ताप चढला आणि त्यातच ते गेले. घरी आणलं तेव्हा शेजारच्या बायांनी पुढच्या दारी पाणी तापवलं. आई मध्येच उठून खोलीत गेली आणि बाथरूमचा दिवा लावून आली. तो तिने रात्रभर तसाच जळत ठेवला.

पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारचे पैसे मी आधीच पाठवून ठेवले होते, गुरुजींच्या भावाच्या नावाने. दिवसकार्याच्या गडबडीत ते माझ्या ध्यानातून गेलं. आईने फोनवर आठवण केली. तिला मी सगळं सांगितलं होतं, तरी ती म्हणाली, "शनिवारचं पैसं आलंत. काय करू?" मी म्हटलं, "येतेय मी."

मी एकटीच गेले. संध्याकाळी फाट्यावर उतरून चालत आले, तर ओटीवर बाबांची खाट होती तशीच होती आणि आई तिच्या कडेला बसून रस्त्याकडे बघत होती. खोलीत नवी चादर घातलेली. उशाशी पाण्याचा तांब्या. आईने भाकऱ्या केल्या होत्या. आम्ही दोघी जेवलो. ती मला वाढताना पाहुण्यांना वाढावं तसं, दरवेळी विचारून वाढत होती.

जेवण झाल्यावर मी बाथरूममध्ये गेले. दांडे चकचकीत होते. कडी लावायला मला खूप खाली वाकावं लागलं, डाव्या हाताने. मग मी नळ सोडला आणि पोटभर रडले. बऱ्याच वेळाने आईची पावलं खोलीत आली, दारापाशी थांबली. तिने दार वाजवलं नाही. थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि मग ओटीवर जाऊन बसली.